जीटी८६ खाली बसवली तेव्हा: लोअरिंग स्प्रिंग निवडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या मामेभावाच्या गाडीचं आहे, त्याला विचारूनच लिहितोय. नाव घालत नाही, घरात सगळे त्याला दादा म्हणतात तेच इथे वापरतो. दादा जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, नोकरी सॉफ्टवेअरमधली पण जीव गाड्यांमध्ये. मी इकडे चाकणला सस्पेन्शनच्या कामात आहे, त्यामुळे गाडीखालून काही आवाज आला की त्याचा पहिला व्हॉट्सअॅप मला.

गाडी म्हणजे २०१४ ची टोयोटा जीटी८६, सेकंडहँड घेतलेली. २ लिटरचं बॉक्सर इंजिन, २०० हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना, वजन साधारण सव्वा टन. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा एकच उभा खांब, मागे डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म. टायर २१५/४५ आर१७, आणि तेही मुद्दाम बेताच्या ग्रिपचे, कारण गाडी कमी स्पीडलाही खेळती राहावी हाच बनवणाऱ्यांचा हेतू होता. हे लक्षात ठेवा, कारण अशा गाडीत स्प्रिंग बदलणं म्हणजे कोणीतरी विचार करून जुळवलेल्या गणितात हात घालणं आहे.

२०२१ च्या सुरुवातीला गाडी ७४ हजार किलोमीटर झाली होती. वापर असा: आठवड्यातून तीन दिवस वहिनी ऑफिसला नेते, वीकेंडला दादा श्वेबिशे आल्बच्या घाटांमध्ये किंवा ब्लॅक फॉरेस्टच्या बी५०० रस्त्यावर, आणि वर्षातून एकदोनदा न्युर्बुर्गरिंग या रेसट्रॅकच्या नॉर्डश्लाइफवर, जिथे ठरलेल्या दिवशी तिकीट काढून आपली गाडी चालवता येते. म्हणजे एकच गाडी रोजच्या प्रवासाचीही आणि मजेचीही.

अडचण

दादाने एक फोटो पाठवला, गाडी बाजूने काढलेली, आणि टायर आणि फेंडरमधल्या फटीला लाल गोल केलेला. खाली लिहिलं होतं, "ही फट बघवत नाही रे. शिवाय वळणावर झुकते पण. ४५ मिलीमीटर खाली घेणारे स्प्रिंग मिळतायत, घेऊ का?"

मी म्हटलं थांब, यात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. एक दिसण्याची, दुसरी वागण्याची. दोन्हींना एकच औषध असेल असं गृहीत धरू नकोस. दिसण्यासाठी गाडी खाली घ्यायची असेल तर त्यात काहीच गैर नाही, गाडीकडे मागे वळून बघावंसं वाटणं हीपण गाडी ठेवण्यातली गंमतच आहे, फक्त ते उघड बोलायचं आणि त्याची किंमत किती ते आधी मोजायचं.

वागण्याबद्दल मात्र बऱ्याच लोकांचा मोठा गैरसमज असतो. लोकांना वाटतं गाडी खाली गेली की गुरुत्वमध्य खाली गेला, म्हणजे झुकणं कमी झालं. गुरुत्वमध्य खाली जातो हे खरंच, पण मॅकफर्सन स्ट्रटमध्ये त्याच वेळी अजून एक गोष्ट घडते. गाडी मूळ उंचीला असताना लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, साधारण आडवा असतो किंवा बाहेरच्या टोकाला किंचित खाली उतरलेला असतो. गाडी खाली घेतली की आर्मचं बाहेरचं टोक वर जातं आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजेच गाडीला झुकवणारी तरफ. म्हणजे गाडी खाली घेतली आणि तरफ उलट लांब झाली! झुकणं कमी होतं ते स्प्रिंग कडक असतो म्हणून, खाली घेतली म्हणून नाही. चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा कोनही बदलतो, मग खड्ड्यावर चाक आपलं आपण थोडं वळायला लागतं, त्याला बंप स्टिअर म्हणतात.

आणि या सगळ्याच्या वर एक प्रश्न होता जो दादाने विचारलाच नव्हता. चाकाला वर जायला जागा किती उरणार?

आधी मोजमाप

इथे मी हट्ट धरला की काहीही ऑर्डर करायच्या आधी दोन आकडे हवेत. पहिला, हबच्या म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची, चारही कोपऱ्यांवर. जमिनीपासून मोजायचं नाही, कारण टायरची झीज आणि हवा त्यात गोंधळ घालतात. दुसरा, शॉकअपची बॉडी आणि बंप स्टॉप (शॉकअप फार दबला की टेकणारा मऊ ठोकळा) यांच्यातली मोकळी जागा, गाडी चाकांवर उभी असताना.

दादाने डस्ट कव्हर वर सरकवून मोजलं. पुढे ३२ मिमी, मागे ४० मिमी. मग शॉकअपच्या रॉडला एक साधा केबल टाय बांधला आणि आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवली. केबल टाय जिथे सरकून थांबतो तिथपर्यंत शॉकअप दबला होता हे कळतं, पाच सेंट खर्च आणि माहिती मात्र लाखमोलाची. निष्कर्ष असा की मूळ स्प्रिंगवरही पुढची बाजू बंप स्टॉपला अधूनमधून टेकत होती, घाटात तर नक्कीच. यात काही बिघाड नाही, आजचे बंप स्टॉप फोमसारखे मऊ असतात आणि ते हळूहळू कडक होणारा दुसरा स्प्रिंग म्हणूनच डिझाइन केलेले असतात.

आता हिशोब बघा, आकडे समजण्यासाठी गोल केलेत. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने उचललेलं वजन ३०० किलो धरू, आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा २५ न्यूटन प्रति मिमी. खोलगट जागेत गाडीवर दीडपट वजन आलं तर जास्तीचा भार साधारण १४७० न्यूटन. मूळ स्प्रिंग ५९ मिमी दबेल, त्यातले पहिले ३२ मोकळे, उरलेले २७ बंप स्टॉप सोसणार.

४५ मिमी खाली घेतली तर ३२ मधून ४५ गेले, म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच बंप स्टॉपमध्ये १३ मिमी रुतलेली. स्प्रिंग कितीही भारी कंपनीचा असू दे, गाडी चालणार रबरावरच. वळणावर बाहेरचं चाक आणखी दबलं की कडकपणा एकदम उडी मारतो आणि ग्रिप सुटते, तीही न सांगता. या एका बेरजेवर ४५ चा विषय संपला. हे मोजायला दादाला जेमतेम एक तास लागला.

पर्याय

पहिला पर्याय होता काहीच खाली न घेण्याचा. चांगले टायर आणि नीट अलाइनमेंट, बस. वागण्याच्या तक्रारीसाठी हाच सगळ्यात स्वस्त आणि खरा उपाय होता असं माझं आजही मत आहे. पण फट तशीच राहणार होती आणि दादाचं मन फटीतच अडकलेलं.

दुसरा, २५ ते ३० मिमीचे स्प्रिंग, मूळ शॉकअप तेच. तिसरा, तेवढेच स्प्रिंग पण सोबत छोट्या स्ट्रोकचे नवीन शॉकअप. बिलस्टाइन या शॉकअप कंपनीच्या नावांमध्ये हा फरक चांगला कळतो: बी६ मूळ उंचीच्या गाडीसाठी, बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड केलेला, आणि बी१२ म्हणजे बी८ च्या सोबत आयबाखचे स्प्रिंग एकाच खोक्यात. चौथा पर्याय कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र संच, उंची हाताने कमीजास्त करता येते, पण खर्च कितीतरी पट आणि सेटिंगचा मोह इतका की माणूस गाडी चालवायचं सोडून पाना फिरवत बसतो.

पाचवा पर्याय दादाच्या यादीत नव्हता पण आपल्याकडे सर्रास चालतो म्हणून सांगतो, मूळ स्प्रिंग कापणे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर आणि वेटोळ्यांच्या संख्येवर ठरतो, त्यामुळे सहा चालू वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग वीस टक्के कडक होतो, म्हणजे कागदावर बरं दिसतं. पण कापलेलं टोक सीटवर नीट बसत नाही, गॅस कटरच्या उष्णतेने तारेचा कस जातो, आणि गाडी जॅकवर घेतली की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून फिरतो. पुण्यात माझ्यासमोर अशा गाड्या आल्यात, मालकाला समोर बसवून तुटलेलं टोक दाखवावं लागलंय. कृपा करून कोणी करू नका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात आम्ही दोन आठवडे घोळलो. स्प्रिंग कोणाचे घ्यायचे हा प्रश्न त्यामानाने सोपा होता. जर्मनीत आयबाख फिनेनट्रोपला आणि एच अँड आर लेनेश्टाटला, दोन्ही गावं झाउअरलांडमधल्या एकाच जिल्ह्यात अगदी शेजारीशेजारी, आणि दोघांच्याही स्प्रिंगसोबत गाडीच्या मॉडेलप्रमाणे मान्यतेचे कागद मिळतात. माझं म्हणणं होतं, नावापेक्षा कागदातल्या तीन गोष्टी बघ: किती एक्सल लोडपर्यंत (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर पडणारं वजन) चालतात, कुठल्या चाकांसोबत चालतात, आणि बंप स्टॉपचं काय करायला सांगितलंय. एक्सल लोड त्याच्या गाडीच्या कागदावर ८.१ आणि ८.२ या रकान्यांत असतं, ते जुळवून बघितलं.

मग प्रोग्रेसिव्ह की लिनिअर, म्हणजे दबताना कडकपणा वाढत जाणारा की सारखाच राहणारा. प्रोग्रेसिव्हमध्ये काही वेटोळी जवळजवळ असतात, ती आधी मिटतात आणि मग स्प्रिंग कडक लागतो. पण पुष्कळ प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगमध्ये ती जवळची वेटोळी गाडीच्या नुसत्या वजनानेच मिटलेली असतात, त्यांचं काम फक्त गाडी उचलल्यावर स्प्रिंग सैल पडू नये एवढंच. तेव्हा खोक्यावर प्रोग्रेसिव्ह लिहिलंय म्हणजे खड्ड्यात मऊ आणि वळणावर कडक असं काही जादूने होत नाही. प्रत्यक्ष ज्या उंचीवर गाडी चालते तिथला आकडा विचारायचा. आम्ही विचारला, पुढे मूळपेक्षा अंदाजे वीस टक्के जास्त निघाला, म्हणजे २५ चे ३०.

३० न्यूटनवाला स्प्रिंग त्याच खोलगट जागेत ४९ मिमी दबणार. गाडी ३० ने खाली, म्हणजे मोकळी जागा उरली फक्त २, पण कागदात पुढचा बंप स्टॉप १५ मिमी कापायला सांगितला होता, मग झाली १७. उरलेले ३२ बंप स्टॉपवर, आणि तोही आता आखूड. मूळच्या २७ पेक्षा वाईट, पण जवळपास. खाली जाण्यात जी जागा गेली ती स्प्रिंगच्या वाढीव कडकपणाने पूर्ण नाही तरी बऱ्यापैकी भरून काढली. ३० मिमीला हो म्हणायचं कारण हे होतं, आणि त्याच्या पलीकडे एक मिलीमीटरही नको हेही त्यातूनच ठरलं.

जिथे चुकलो

शॉकअपच्या प्रश्नावर मात्र माझा निर्णय चुकला, हे स्पष्ट लिहितो. स्प्रिंग वीस टक्के कडक केला की गाडीची नैसर्गिक वारंवारता वाढते, आमच्या आकड्यांत १.४५ हर्ट्झवरून १.५९ वर, आणि तेच शॉकअप आता त्या स्प्रिंगला आवरायला साधारण नऊ टक्के अपुरे पडतात. मी म्हटलं नऊ टक्के फार नाही, टोयोटाने थोडी जागा ठेवलेली असेल, चालून जाईल. नव्या शॉकअपसाठी हे बरोबर ठरलं असतं. पण हे शॉकअप ७४ हजार किलोमीटर चाललेले होते, त्यातले किती रिंगवर ते आधीच्या मालकालाच माहीत, आणि मी ते टेस्ट करून घे असं सांगितलंच नाही. दादानेही विचारलं नाही, त्याला मे महिन्याच्या ट्रिपआधी काम उरकायचं होतं आणि शॉकअपचे सातशे युरो वाचत होते.

वहिनी तेव्हा कॉलवर म्हणाली होती, "भावोजी, माझी कंबर या स्प्रिंगांवर टिकेल ना एवढंच सांगा." मी म्हटलं टिकेल. ते वाक्य पुढे मला बरंच लागलं.

बसवणं आणि पास करून घेणं

एप्रिलमध्ये एका गॅरेजमध्ये स्प्रिंग बसले. दोन दिवसांनी दादाने हबची उंची मोजली तर पुढे २८, मागे डावीकडे २४, पण मागे उजवीकडे फक्त १६ मिमीच गाडी उतरलेली. स्प्रिंग वेगळा लागला की काय म्हणून तो घाबरला. मी विचारलं, आर्मचे बोल्ट घट्ट करताना गाडी लिफ्टवर लटकत होती की चाकांवर होती? तर लटकत होती.

हे नीट समजून घ्या कारण ही चूक फार ठिकाणी होते. आर्मच्या टोकाला जो रबरी बुश असतो त्यात रबर लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं, ते घसरत नाही, पिळतं. चाक हवेत लटकलेलं असताना बोल्ट आवळला की त्या स्थितीत रबर आरामात, आणि गाडी खाली ठेवली की रबर कायमचं पिळलेलं. पिळलेलं रबर गाडीला वर ढकलतं, उंची खोटी दिसते, आणि काही महिन्यांत बुश फाटतो. उपाय साधा: सगळे बोल्ट ढिले, चाकांखाली रॅम्प, गाडीचं वजन चाकांवर, मग ठरलेल्या टॉर्कला बोल्ट आवळायचे. गॅरेजने ते परत करून दिलं आणि उजवी बाजू ८ मिमी खाली आली.

मग तीनएकशे किलोमीटर चालवून स्प्रिंग बसू दिले आणि त्यानंतरच अलाइनमेंट. आकडे मी मुद्दाम मागवले. पुढचा कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा उभ्यातला झुकाव, उणे ०.४ अंश, मागचा उणे २.० अंश (उणे म्हणजे वरची कड आत). इथेच या गाडीची खरी खोड दिसते. मागचं डबल विशबोन खाली जाताना चाक आत झुकवतं, पुढचा स्ट्रट फारसा झुकवत नाही. म्हणजे मागच्या टायरची वळणातली पकड वाढली, पुढच्याची जवळपास तेवढीच राहिली, आणि वळणात नाक आत जायला कुरकुरणारी गाडी अजून कुरकुरणार. टोयोटाने मागे टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) ॲडजस्ट करायची सोय दिलीये, कॅम्बरची नाही. त्या दिवशी दादाने टो मूळ आकड्यावर आणला आणि कॅम्बर पुढे बघू म्हणाला.

पुढचा टप्पा ट्यूफ, म्हणजे जर्मनीतली वाहन तपासणी. तिथल्या नियमात सस्पेन्शन बदललं आणि तपासून घेतलं नाही तर गाडीची रस्त्यावर चालायची मान्यताच जाऊ शकते, त्यामुळे स्प्रिंगसोबतचा टाइलेगुटआख्टेन म्हणजे त्या पार्टचा चाचणी अहवाल घेऊन परीक्षकाकडे जावं लागलं. परीक्षकाने एक चाक उंचवट्यावर चढवून टायर कुठे घासतो का बघितलं, गाडी उचलून स्प्रिंग सैल होत नाही ना हे हाताने हलवून बघितलं, हेडलाइटचा झोत परत सेट केलाय का विचारलं. गाडी खाली गेली की झोत बदलतो हे बरेच जण विसरतात, शिवाय तिकडे लो बीमची खालची कड रस्त्यापासून किमान ५०० मिमी वर हवी असा नियम आहे. सगळं ठीक होतं, फक्त दादाने बाहेरून घेतलेली १८ इंची चाकं अहवालाच्या यादीत नव्हती. घरी येऊन १७ इंची मूळ चाकं लावली, पुन्हा गेला, शिक्का मिळाला. एक रजा वाया गेली, दुसरं काही नाही.

पहिले तीन महिने

सुरुवातीचा महिना दादा हवेत होता. गाडी दिसत होती सुंदर, फट तीन बोटांवरून दोनवर आली होती, आल्बच्या घाटात एका वळणातून दुसऱ्यात टाकताना गाडी पटकन स्थिरावते म्हणायचा. बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार जिथे संपतो तिथे नाक घासायला लागलं, ते तिरकं घालून जमवलं.

वहिनीने मात्र दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं की मोटरवेवर जोड आले की गाडी एकदा उडत नाही, दोनतीनदा उडते. दादा म्हणाला कडक स्प्रिंग आहेत, असंच असतं. इथे मी दादाची बाजू घेतली आणि ते चूक होतं, कारण कडक स्प्रिंग एकदा जोरात आपटतो, तो तीनदा झुलवत नाही. तीनदा झुलणं ही शॉकअपची तक्रार आहे. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाचं निरीक्षण आमच्या दोघांच्या गणितापेक्षा अचूक होतं आणि आम्ही ते दोन महिने ऐकलं नाही.

जुलैमध्ये नॉर्डश्लाइफ. २०.८ किलोमीटरचा तो रस्ता म्हणजे सस्पेन्शनची तोंडी परीक्षाच. त्यात फुक्सरोरे नावाचा भाग आहे, म्हणजे कोल्ह्याची नळी, जोरदार उतार, तळाला गाडी जमिनीत दाबली जाते आणि लगेच चढ आणि चढावर आडेनाउअर फोर्स्टची वळणं. आम्ही कागदावर ज्या खोलगट जागेचा हिशोब केला होता ती हीच. दादा सांगतो, तळाला धप्प झालं ते अपेक्षित होतं, पण बाहेर पडताना गाडीचं पुढचं अंग वर उसळलं, परत खाली आलं, पुन्हा वर गेलं आणि नेमकं ब्रेक मारायच्या जागी चाकांवर वजनच नव्हतं. डावीकडे जास्त. त्याने शहाणपणा केला, बाकीचा लॅप हळू काढला आणि दुसरं तिकीट न काढता घरी आला.

दुरुस्ती

घरी आल्यावर टेस्ट. गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडायची जुनी पद्धत इथे फार काही सांगत नाही, म्हणून शॉकअप काढून टेस्ट मशीनवर घातले. पुढचा डावा रिबाउंडमध्ये, म्हणजे परत उघडताना, बराच मेलेला होता, बाकीचे तीन जेमतेम. मूळ मऊ स्प्रिंगवर हे झाकून गेलं होतं, कडक स्प्रिंगने उघडं पाडलं.

मग निर्णय असा: चारही शॉकअप नवीन, खाली घेतलेल्या गाडीसाठीचे आखूड, म्हणजे जो तिसरा पर्याय आम्ही एप्रिलमध्ये सोडला होता तोच. आखूड शॉकअपचा अजून एक फायदा मी आधी दादाला नीट समजावला नव्हता. मूळ शॉकअपचा पिस्टन त्याच्या मूळ उंचीच्या मधोमध काम करायला बनवलेला असतो, गाडी खाली घेतली की तो तळाकडे सरकतो आणि दबायची जागा कमी, उघडायची जास्त उरते. आखूड बॉडीत ते पुन्हा मध्यावर येतं.

त्याच वेळी पुढच्या स्ट्रटच्या दोन बोल्टपैकी एक बारीक शँकचा लावून पुढचा कॅम्बर उणे १.३ वर आणला, परीक्षकाला आधी विचारून. मागे कॅम्बर कमी करायला ॲडजस्ट होणारे लोअर आर्म मिळतात, पण उणे २.० वर रस्त्याच्या वापरात टायर फार खात नाही, टो बरोबर असेल तर. टायर आतून झिजण्याचं खापर लोक कॅम्बरवर फोडतात, बहुतेक वेळा गुन्हेगार टो असतो. आर्मचे पैसे वाचवले. अलाइनमेंट दुसऱ्यांदा, ट्यूफ पुन्हा.

निकाल

सप्टेंबरमध्ये दादा बी५०० वरून बाडेन-बाडेन ते फ्रॉइडेनश्टाट गेला आणि वहिनी शेजारी बसलेली होती. तिचा निरोप एका ओळीचा होता: "आता एकदाच उडते." मला त्या उन्हाळ्यात मिळालेला सगळ्यात चांगला टेस्ट रिपोर्ट तोच.

पुढच्या वर्षी रिंगवर केबल टाय परत बांधले. फुक्सरोरेमध्ये पुढचा बंप स्टॉप जवळपास पूर्ण दबतो, मागचा नाही, आणि बाहेर पडताना गाडी एका श्वासात बसते. नाक आत जाण्याची तक्रार जवळपास गेली, पण त्याचं श्रेय मी स्प्रिंगला देत नाही, ते कॅम्बरच्या त्या दोन बोल्टांचं आहे. १८ हजार किलोमीटरनंतर मागचे टायर आतल्या कडेला बाहेरच्यापेक्षा एक मिलीमीटर जास्त झिजले होते, चालणारी गोष्ट.

खर्चाचं बोलायचं तर स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र घेतले असते तर एकदाचीच मजुरी, एकच अलाइनमेंट, एकदाच तपासणी. दोनदा केल्यामुळे साधारण सहाशे युरो जास्त गेले, म्हणजे एप्रिलमध्ये वाचवलेले जवळपास सगळे.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा असायला हवा होता. आधी शॉकअप मशीनवर, मग पुढच्या कॅम्बरचे बोल्ट आणि अलाइनमेंट, एक महिना गाडी तशीच चालवायची, आणि त्यानंतरही मन फटीत अडकलेलं असेल तर स्प्रिंग. मला मनापासून वाटतं की बोल्ट लावल्यावर दादाची वळणाची तक्रार मूळ उंचीलाच संपली असती. मग स्प्रिंग फक्त दिसण्यासाठी उरले असते आणि कदाचित २० मिमीवर भागलं असतं, बंप स्टॉपला हात न लावता.

दुसरं, ५० हजारांवर चाललेल्या गाडीवर जुन्या शॉकअपसोबत नवीन स्प्रिंग हा सल्ला मी आता देत नाही. टेस्टचा कागद दाखवला तरच.

तिसरं, गॅरेजला काम देतानाच लिहून द्यायचं की बुशचे बोल्ट गाडी चाकांवर असताना आवळायचे. तोंडी सांगून होत नाही. आणि बसवायच्या आधी आणि नंतर हबची उंची स्वतः मोजायची, आमच्याकडे आधीचे आकडे होते म्हणूनच ती ८ मिमीची चूक सापडली, नाहीतर बुश फाटेपर्यंत कळलं नसतं.

हे वाचून इकडे कोणी तेच ३० मिमी करायच्या विचारात असेल तर एक सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असा गोलाकार आहे, तो खाली घेतलेली गाडीही हळू पार करते. पण आपल्या गल्लीत मानकातला गतिरोधक किती ठिकाणी आहे ते स्वतः टेप घेऊन मोजा, घरापासून ऑफिसपर्यंतचा सगळ्यात वाईट एक निवडा आणि गाडीच्या पोटाखालची जागा त्याच्याशी ताडून बघा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत, आणि जर्मनीसारखा स्प्रिंगचा कागद दाखवून शिक्का घ्यायचा सरळ मार्ग इथे नाही, हेही लक्षात असू द्या.

दादाचे मूळ चार स्प्रिंग त्याच्या केलरमध्ये म्हणजे तळघरातल्या खोलीत आहेत, प्रत्येकावर पांढऱ्या मार्करने जागा लिहिलेली, पुढे डावा, पुढे उजवा. बाजूला केबल टायची पिशवी आणि हबच्या उंचीची वही. गेल्या महिन्यात वहीचा फोटो आला, चारही कोपरे दोन मिमीच्या आत, आणि खाली वहिनीच्या अक्षरात एक नोंद, "मागून उजवीकडे हलकी टकटक, थंड असताना." लिंक बुश असावा. या वेळी दादाने त्याच दिवशी गाडी लिफ्टवर घेतली.